मुलगा सांभाळत नसेल तर आधी प्रांत ऑफिस गाठा

आईवडिलांना मुलं खर्चाला पैसे देत नसतील तर लगेच दिवाणी कोर्टात दावा टाकायची गरज नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे, आपल्याकडे ते प्रांत साहेबांकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे असतं. अर्ज साधा चालतो, मुलांची नावं-पत्ते, औषधपाण्याचा महिन्याचा खर्च, पासबुकची झेरॉक्स एवढं लावा, स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला अधिकार देऊन पण करता येतो. मुलांना नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायद्यात आहे (फार तर ३० दिवस वाढवून), आणि दरम्यान अंतरिम रक्कम पण मागता येते, ते अर्जातच लिहा, बरेच जण विसरतात. महिना जास्तीत जास्त १० हजार मिळतात, आजच्या महागाईत कमीच म्हणा.

आणि हो, फ्लॅट मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून देणार असाल तर "मरेपर्यंत सांभाळ करायचा" ही अट त्यातच स्पष्ट टाकून घ्या, कितीही लाडका असला तरी. अट असेल आणि त्याने पाळली नाही तर कलम २३ खाली तेच न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं, तोंडी शब्दावर मात्र अवघड जातं.