वेट्सलारला फिल्म कॅमेरा घेऊन जाताना या चुका टाळा

ऑस्कर बार्नाक यांनी ३५ मिमी फिल्मवर चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा पहिला नमुना जर्मनीतील वेट्सलार येथे तयार केला आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत मेळ्यात तो कॅमेरा लायका या नावाने लोकांसमोर आला. त्यामुळे फिल्मवर छायाचित्रे काढणाऱ्यांना हे गाव आणि तेथील लायका कंपनीचा कारखाना पाहण्याची ओढ वाटते. मात्र या प्रवासातले रोल बहुधा वेट्सलारमध्ये नव्हे, तर विमानतळावरच खराब होतात.

रोल चेक-इन सामानात ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या सामानाच्या तपासणीतील एक्स-रे किरणे इतकी तीव्र असतात की कोणत्याही वेगाची, म्हणजे प्रकाशाला कमी-अधिक संवेदनशील असलेली, फिल्म एकाच फेरीत धूसर होऊ शकते. रोल हातातल्या बॅगेत ठेवले की काम झाले, असे मानणे ही दुसरी चूक. जुन्या पद्धतीच्या एक्स-रे यंत्रातून ४०० आयएसओ (फिल्मचा वेग मोजण्याचे एकक) वेगाची फिल्म काही वेळा गेली तरी सहसा बिघडत नाही, परंतु फ्रँकफर्टसह अनेक विमानतळांवर आता हातातल्या सामानासाठीही सीटी स्कॅनर आले आहेत, आणि त्यातून न धुतलेली फिल्म एकदाही जाऊ देऊ नये, असे कोडॅक आणि इलफर्ड या दोन्ही उत्पादकांचे सांगणे आहे. एक्स-रे अडवणाऱ्या शिशाच्या पिशवीचा भरवसा धरू नये, कारण आतले दिसले नाही की कर्मचारी ती पिशवी उघडायला लावतात किंवा सामान पुन्हा यंत्रात घालतात.

रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवावेत, रांगेत लवकर उभे राहावे आणि बॅग पट्ट्यावर ठेवण्यापूर्वीच हाताने तपासणी करण्याची विनंती शांतपणे करावी. ही विनंती मान्य करणे मुंबईत काय किंवा फ्रँकफर्टला काय, तेथील कर्मचाऱ्याच्या हाती असते. कॅमेऱ्यात अर्धवट वापरलेला रोल ठेवून तपासणीला जाणे मात्र टाळावेच, कारण कॅमेरा उघडून दाखवा असे सांगितले गेले तर तुमच्यापुढे पर्याय उरत नाही.

परत आल्यावर रोल धुतल्यानंतर चित्रे फिकी दिसली, तर निगेटिव्हच्या कडा आणि दोन चित्रांमधली जागा पाहावी. ती स्वच्छ असेल तर उद्भासन, म्हणजे फिल्मवर पडलेला प्रकाश, कमी पडले आहे. तिथेही करडा थर किंवा रोलभर ठरावीक अंतराने फिरणारे पट्टे असतील, तर संशय एक्स-रेवर घ्यावा. गेलेला तपशील स्कॅन करताना परत मिळत नाही, फक्त काळोखी थोडी सावरता येते.

कारखान्याच्या भेटीत पत्त्याची चूक होते. कंपनी काही दशके शेजारच्या झोल्म्स गावी होती आणि २०१४ मध्ये वेट्सलारच्या लाइट्स-पार्क या आपल्या संकुलात परतली, त्यामुळे जुन्या नोंदींवर विसंबू नये. बार्नाक यांनी आपल्या नमुना कॅमेऱ्याने जेथून छायाचित्र टिपले तो आयझेनमार्क्ट चौक जुन्या गावात आहे, तर लाइट्स-पार्क गावाबाहेरच्या बाजूला आहे. दोन्हींसाठी वेगवेगळा वेळ राखावा. जुळणीचे काम पाहायचे असेल तर शनिवार-रविवार टाळावा, मार्गदर्शित फेरीची नोंदणी आधी करावी आणि छायाचित्रे घेण्याची परवानगी तेथेच विचारावी. सगळे काम येथेच होते असेही नाही, कारण पोर्तुगालमधील फामालिकाँव येथेही कंपनीचा कारखाना १९७३ पासून आहे.

हिवाळ्यात दिवस लहान आणि आभाळ बहुधा झाकोळलेले असल्याने केवळ १०० आयएसओचे, म्हणजे कमी वेगाचे, रोल नेऊ नयेत. स्क्रू माउंटचा, म्हणजे लेन्स आट्यांनी फिरवून बसवण्याचा, जुना लायका नेणाऱ्यांनी फिल्मचे सुरुवातीचे अरुंद टोक सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचे होईल असे कापून घ्यावे, नाहीतर ती यंत्रणेत अडकते आणि हा घोळ परदेशी रस्त्यावर निस्तरणे फार त्रासाचे होते.

महागडा कॅमेरा भारतातून नेताना निघण्याच्या वेळीच सीमाशुल्क कक्षात बॉडी आणि लेन्सचे क्रमांक नोंदवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना तो नवी खरेदी ठरत नाही. जर्मनीत काही विकत घेतल्यास करपरतावा मिळवण्यासाठी दुकानाचा अर्ज आणि न वापरलेली वस्तू युरोपीय संघातील अखेरच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याला दाखवावी लागते. वस्तू चेक-इन सामानात जाणार असेल, तर ती सामान देण्याआधी दाखवावी, मागाहून नाही.