सगळी कर्जं एकात गुंडाळायच्या आधी हे बघा
आधी वहीत मांडा, कुठल्या कर्जावर किती व्याज, किती बाकी, किती हप्ते उरलेत. क्रेडिट कार्डाचं महिन्याला ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के होतात, ते १४ टक्क्यांच्या पर्सनल लोनने फेडलं तर फायदाच आहे. पण हप्ता कमी दिसतो म्हणून भुलू नका हं, याच १४ टक्क्यांनी २ लाखांवर ३ वर्षांत व्याज साधारण ४६ हजार आणि ५ वर्षांत ७९ हजार! प्रोसेसिंग फी, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, जुन्या लोनचा फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार) पण धरा. कोथरूडचा फ्लॅट तारण ठेवून कार्डाचं बिल फेडणं मला अजिबात पटत नाही, हप्ते थकले तर राहतं घर जातं. आणि लक्ष्मी रोडवर परत तेच कार्ड घासलंत तर दोन्ही कर्जं डोक्यावर, म्हणून लिमिट त्याच दिवशी कमी करून घ्या.