ढीगभर गाणी कन्व्हर्ट करताना कॉम्प्युटर बंद पडतो? फॉरमॅट मारू नका

मूळ फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे आणि डिस्कवर जागा आहे, हे धरून चालतो. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाजाची न दाबलेली मूळ फाइल, मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे ९० मिनिटांची एक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली तर ९०० एमबीच्या वर.

बंद नक्की काय पडतं, ते आधी बघा. नुसता कन्व्हर्टर मिटला आणि विंडोज शाबूत असेल, तर बहुधा एखादी फाइल खराब असते. यादी अर्धी-अर्धी करत ती शोधा आणि बाजूला काढा. झालं.

अख्खं मशीनच पट्‌कन काळं होत असेल, तर "दुसरं सॉफ्टवेअर टाकून बघ" म्हणणाऱ्यांना नमस्कार करा. मी दोन सॉफ्टवेअरं बदलली, विंडोज नव्याने टाकलं, दुकानदाराने वर रॅमही गळ्यात मारली. तरी वडिलांच्या कीर्तनांच्या चाळिसेक फायली झाल्या की लॅपटॉप गपगार. तेव्हा मे महिना होता आणि लॅपटॉप होता गादीवर, हे मला फार उशिरा सुचलं.

एक गाणं कन्व्हर्ट करताना प्रोसेसर तापायच्या आत काम उरकतं. बॅचमध्ये, म्हणजे ढीग एकदम लावला की, मात्र प्रोसेसरच्या प्रत्येक कोरला (स्वतंत्र काम करणाऱ्या भागाला) एकेक फाइल मिळते आणि सगळे कोर तासन्‌तास पूर्ण भाराने राबतात. तापमान चढलं की प्रोसेसर आधी वेग कमी करतो; तेवढ्याने भागलं नाही तर मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, मग 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोक लगेच पॉवर सप्लायला दोष देतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाऊन न होता गेलं. का गेलं, ते त्यात नसतं.

म्हणून एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू करा आणि तापमानाची नोंद फाइलमध्ये होऊ द्या. नुसता पडद्यावरचा आकडा मशीनबरोबरच जातो. शेवटची ओळ ९५-१०० अंशांची असेल तर चोर सापडला. सत्तरच्या आसपासच असताना बंद पडत असेल, तरच रॅम तपासा, मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावून. डेस्कटॉप असेल तर एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायही.

उष्णतेवर उपाय: पंख्यातली धूळ काढा, लॅपटॉप टणक जागी ठेवा. फूबार २००० हा कन्व्हर्टर वापरत असाल तर अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये कन्व्हर्टरचे थ्रेड २ करा, म्हणजे एका वेळी दोनच फायली चालतील. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली, की बऱ्याच मशीनवर टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान लगेच उतरतं. वेळ जास्त लागेल. लागू दे, रात्री लावून झोपा.

आता ज्यात मी पोळलो ते. मशीन बंद पडल्यावर 'असलेल्या फायली वगळा' हा पर्याय निवडून तिथूनच पुढे जाऊ नका. अर्धवट लिहिलेली फाइलही त्याला 'असलेली'च वाटते. एक कीर्तन माझ्याकडे उत्तररंगातच तुटलेलं आहे. कळलं तोवर मूळ डब्ल्यूएव्ही मी पुसली होती आणि कॅसेटला बुरशी लागली होती. बंद पडण्याआधीच्या दहा मिनिटांत तयार झालेल्या सगळ्या फायली बिनदिक्कत उडवा, पूर्ण दिसणाऱ्यासुद्धा; त्यांचा मजकूर डिस्कवर पोचलेलाच नसू शकतो. फ्लॅक (दर्जा न घालवता दाबलेली फाइल) करत असाल तर शेवटी टेस्ट चालवा, तुटकी फाइल त्यात पकडली जाते. एमपीथ्रीला अशी सोय नाही, तिथे मूळ फाइलशी मिनिटं-सेकंद ताडून बघा. ते होईपर्यंत डब्ल्यूएव्हीला हात लावायचा नाही.