मातीच्या ठोकळ्यांचं घर आणि साइटवर आलेले साहेब: या चुका टाळा

पालिकेचे कनिष्ठ अभियंता साइटवर येतात, भिंतीत विटांच्या जागी मातीचे ठोकळे बघतात आणि काम थांबवायला सांगतात. मातीवर त्यांचा राग असतो असं नाही. फाईलवर सही त्यांची पडणार असते, आणि त्या सहीला आधार म्हणून दाखवता येईल असा एकही कागद तुम्ही दिलेला नसतो. बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

नकाशावर ‘पर्यावरणपूरक ठोकळे’ लिहिणं

या शब्दांवर कोण सही करणार? नकाशाच्या टिपेत नीट लिहा: आयएस (भारतीय मानक) १७२५ प्रमाणे सिमेंटने स्थिर केलेले मातीचे ठोकळे, माप २३० × १९० × १०० मिमी, भिंत १९० मिमी, ताकदीचा वर्ग अमुक, मसाला सिमेंट-चुना-वाळू १:१:६. हाच नियम इतर साहित्यालाही लागू. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) असतील तर आयएस २१८५ भाग ३, फ्लाय ॲश (दगडी कोळशाची राख) आणि चुन्याच्या विटांना आयएस १२८९४, बांबूच्या सांगाड्याला आयएस १५९१२, एलसी३ सिमेंटला (भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेलं सिमेंट) आयएस १८१८९. रॅम्ड अर्थला, म्हणजे साच्यात माती ठोकून केलेल्या भिंतीला, कोडच (मानकच) नाही असं आर्किटेक्टही सर्रास सांगतात. पण सिमेंट-मातीच्या जागेवर ठोकलेल्या भिंतींसाठी आयएस २११० हे मानक कित्येक वर्षांपासून आहे.

ज्याला मानकच नाही, त्यासाठी बीएमटीपीसीचं (बांधकाम साहित्य आणि तंत्रज्ञानाला चालना देणारी केंद्र सरकारची संस्था) कामगिरी मूल्यांकन प्रमाणपत्र मिळतं का ते आधी पाहा. तेही नसेल तर ते साहित्य आरसीसी सांगाड्यात फक्त भराव भिंत, म्हणजे भार न घेणारी भिंत, म्हणून वापरा. मग प्रश्न इमारतीच्या ताकदीचा उरत नाही आणि चर्चा निम्मी होते.

भार घेणारी भिंत आहे हे न सांगणं

ठोकळ्यांच्या भिंतीवर स्लॅब टेकणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आयएस १९०५ प्रमाणे केलेलं गणित फाईलला जोडा. भूकंपासाठी आयएस ४३२६ प्रमाणे जोते, लिंटल (दार-खिडकीवरची तुळई) आणि छताच्या पातळीवरचे आरसीसी पट्टे नकाशात सळईसकट दाखवा. कोयना परिसरात हे पहिल्याच भेटीत विचारलं जाईल. जोते तपासणीला पट्ट्याची सळई उघडी असतानाच बोलवा. काँक्रीट ओतल्यावर ‘आत सळई आहे’ हे कितीही पटवून सांगितलं तरी साहेबांना ती दिसणार नाही.

चुकीचा चाचणी अहवाल देणं

सगळ्यात जास्त फाईली इथे अडकतात. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा अहवाल तुमच्या मातीबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्याच साइटवर पाडलेले, किमान २८ दिवसांचे ठोकळे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. चाचणीची पद्धत आयएस ३४९५ ची, म्हणजे ठोकळा २४ तास पाण्यात बुडवून मग दाबायचा. अनेक जण कोरड्या ठोकळ्याचा आकडा देतात. ओल्याची ताकद कोरड्याच्या निम्म्यावरही येऊ शकते, त्यामुळे अनुभवी अभियंता ‘ओला की कोरडा?’ हेच आधी विचारतो. अहवालावर ती ओळ आहे ना, हे प्रयोगशाळेतून निघण्याआधी पाहा. वीसेक ठोकळे न्या, वाहतुकीत कोपरे तुटतात.

आकडा कमी आला तर कारण बहुधा मापात असतं. ७ टक्के सिमेंट हे वजनाने: ५० किलोच्या एका गोणीला सुमारे ७१५ किलो कोरडी माती. गवंडी घमेल्याने मोजतो, आणि पावसाळ्यात ओल्या मातीचं घमेलं भरलं की प्रमाण बदलतं. घमेल्याचं वजन रोज सकाळी करा. काळी माती असेल तर सिमेंट वाढवून काही होत नाही, कारण ती आकसते आणि ठोकळे तडकतात. मुरूम किंवा वाळू मिसळा, नाहीतर माती बाहेरून आणा. ओलं ठेवणं तीन आठवड्यांच्या आत थांबवू नका. प्रत्येक घाण्याच्या, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मिश्रणाच्या, ठोकळ्यांवर तारीख टाका, म्हणजे अहवालातला नमुना भिंतीतल्या ठोकळ्यांशी जोडता येतो.

भेटीच्या वेळी

एएसीच्या भिंतीला आरसीसीच्या सांध्यावर केसासारखी चीर दिसली की शेरा पडतोच, जरी ती प्लॅस्टरची असली तरी. बीमखालचा शेवटचा थर भिंत बसल्यावर भरा, सांध्यावर जाळी लावा आणि प्लॅस्टर १:६ पेक्षा कडक करू नका. मातीच्या भिंतीचा खालचा भाग पावसाच्या शिंतोड्यांनी झिजतो, म्हणून निदान ४५० मिमी दगडी जोते असू द्या. साहेब किल्लीने भिंत खरवडतात ती तिथेच.

पाडकामाच्या काँक्रीटची खडी वापरत असाल तर मर्यादा माहीत हवी. आयएस ३८३ प्रमाणे एम२५ (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) किंवा त्याखालच्या आरसीसीत ती २० टक्क्यांपर्यंतच चालते. त्याहून जास्त असल्याचं मालाच्या चलनावर दिसलं तर वाद घालण्यात अर्थ नाही.

तोंडी आक्षेपावर काम मोडणं

‘हे चालणार नाही’ एवढ्यावर भिंत पाडू नका. मुद्दा लेखी मागा, तोही नम्रपणे. उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने, मुद्द्यागणिक, कलम क्रमांकासह द्या. कंत्राटदाराला बोलायला पाठवू नका, तो ‘सगळीकडे असंच चालतं’ म्हणतो आणि फाईल वरच्या टेबलावर जाते. पुन्हा शंका निघाली तर दाखवता यावं म्हणून, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची पालिकेची परवानगी) मिळेपर्यंत तारीख टाकलेले दहा ठोकळे बाजूला ठेवा आणि एका कोपऱ्यात हातभर भिंत प्लॅस्टरविना राहू द्या.