टिळकांचं रत्नागिरीतलं जन्मघर रंगमंचावर उभारताना

टिळक आळीतलं हे घर आधी टेपने मोजा: ओटीची उंची, खांबांमधलं अंतर, चौकटी. घर आहे तसं मंचावर मावणार नाही. लांबी-रुंदी खुशाल आवळा, पण दाराची उंची आणि पायरीची चढण बदलू नका. नट वाकून आत शिरला की घर खरं वाटतं.

छपराची मात्र नीट चौकशी करा. प्रसंग 1856 चा, म्हणजे टिळकांच्या जन्माचा असेल, तर मंगलोरी कौलं चालणार नाहीत. मंगळुरात त्यांचा कारखाना निघाला 1865 मध्ये. अर्धगोल नळे दाखवा, तेही समोरच्या दोन-अडीच फुटांच्या पट्टीपुरते. पूर्ण छप्पर घातलंत तर वरचे दिवे अडतात आणि नटांचे चेहरे काळे पडतात.

भिंतींसाठी 2×1 इंची पट्ट्यांची चौकट, त्यावर 4 मिमी प्लाय. जांभ्याचा चिरा रंगवताना आधी गेरू, तो सुकला की पिवळी माती, मग फाटक्या स्पंजने काळपट ठिपके. जांभा सच्छिद्र असतो, गुळगुळीत रंगवला तर वीट दिसते. रंग दिव्याखालीच पाहा, पिवळ्या प्रकाशात गेरू भडक होतो.

दार आपटलं की भिंत हलते, हा नेहमीचा घोळ. चौकटीमागे तिरपा टेकू लावून त्यावर वाळूची पोती टाका. पावसाळी प्रयोग असेल तर प्लायच्या मागच्या बाजूलाही रंगाचा हात द्या, नाहीतर दमट हवेत तो वाकतो. सारवलेली जमीन कॅनव्हासवर रंगवा. खरं शेण ओलं असलं की पाय घसरतो.