स्पार्क प्लगचा गॅप सेट करताना या चुका टाळा

नवीन प्लग टाकला तरी गाडी मिसिंग करतेय (मध्ये मध्ये ठिणगी चुकून धक्के खातेय) म्हटल्यावर लोक कार्ब्युरेटर उघडतात, पेट्रोलला शिव्या देतात, पण प्लगचा गॅप, म्हणजे मधलं टोक (इलेक्ट्रोड) आणि त्याच्यावर वाकलेली पट्टी यांच्यातलं अंतर, कोणी बघत नाही. बॉक्समधून काढला आणि बसवला, ही पहिली चूक. कंपनीतून गॅप सेट होऊन येतो हे खरंय, पण तो एखाद्या ठराविक इंजिनासाठी असतो, तुमच्याच असेल असं नाही, शिवाय वाटेत कुठे आपटला असेल तर तेवढाही राहत नाही. बऱ्याच बाईकना 0.6 ते 0.9 मिमीच्या आसपास लागतो, कारना 1.1 पर्यंतही जातो, पण नक्की आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीवरून नको.

डोळ्याने अंदाज घेणारे तर खूप आहेत. मीपण त्यातलाच होतो, "नखाएवढा बास" म्हणत, आणि चढावर गाडी धक्के खायला लागली तेव्हा गेज (गॅप मोजायचं साधन) लावून बघितलं तर गॅप भलताच जास्त निघाला. गॅप जास्त झाला की ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून लोड आला किंवा जोरात रेस केली की मिसिंग होतं आणि कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागावर) ताण येतो तो वेगळाच. कमी झाला तर ठिणगी बारकी पडते, आयडलिंगला गाडी थरथरते, प्लगवर काजळी धरते.

आता खरी गोची. वाकवायची ती फक्त वरची पट्टी, मधल्या इलेक्ट्रोडला हात लावायचा नाही म्हणजे नाही. स्क्रू ड्रायव्हर मध्ये घालून मधल्या टोकावर रेटा दिला की आतलं चिनीमातीचं इन्सुलेटर तडकू शकतं आणि ती तडक बाहेरून दिसतपण नाही. इरिडियम प्लगचं टोक तर जेमतेम अर्ध्या मिमीचं, नाण्यासारखं गोल गेज त्यात घुसवलंत तर टोक तुटलंच समजा. तिथे वायरवालं गेज घ्या आणि गॅप बरोबर असेल तर उगाच बोटं घालू नका. कमी करायचा असेल तर पट्टी कडक जागेवर हलकेच टेकवून दाबा, थोडं दाबा परत मोजा, आणि शेवटी पट्टी मधल्या टोकाच्या बरोबर वर, सरळ आहे ना तेपण बघा, तिरकी असेल तर गेज बरोबर दाखवूनही उपयोग नाही.

फरशीवर पडलेला प्लग? सरळ फेकून द्या, पैशाकडे बघू नका.

बसवताना इंजिन थंड हवं. आधी हातानेच फिरवत न्या, पाना लगेच लावला आणि आटे गेले तर मग हेडचं (इंजिनाच्या ज्या वरच्या भागात प्लग बसतो त्याचं) काम निघतं. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा ते दोन तृतीयांश, जुनाच परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो म्हणून अगदी थोडासाच फिरवायचा. एवढं करूनही मिसिंग राहिलंच तर प्लगची कॅप आणि वायर बघा, कॅप टिक् आवाज येईपर्यंत बसलीच नाही असं निम्म्या वेळा निघतं.