वाईन शॉपमध्ये उभं राहून "कुठली घेऊ?" असा फोन करणाऱ्यांसाठी

आपल्याकडे ज्याला वाईन शॉप म्हणतात त्यात वाईनच सगळ्यात कमी असते, हे आधी मान्य करून टाकू. समोर सगळी व्हिस्की-रम, बाजूला बिअरचा फ्रीज, आणि वाईन कुठेतरी वरच्या फळीवर धूळ खात. मागे पाच माणसं घाईत उभी असतात आणि दुकानदार विचारतो "रेड का व्हाईट?" की मग आपण गडबडतो आणि एकतर सगळ्यात स्वस्त उचलतो नाहीतर नाव फ्रेंच दिसतंय म्हणून दोन हजाराची उचलतो. माझ्या घरातल्याच दोघातिघांचे असे दुकानातून फोन येतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

मी एक्सपर्ट वगैरे काही नाही हां. माहेर नाशिकचं, मामाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग (खायच्या द्राक्षांची, वाईनची वेगळी असतात, बारीक, जाड सालीची, बियांची, खाऊन बघितलीत तर तोंड वाकडं कराल), आणि बाकी सगळं स्वतःचे पैसे घालवून शिकलेय.

तर पहिलं पैशाचं गणित, कारण ते कळलं की अर्धं काम झालं. बाहेरून येणाऱ्या वाईनवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी राहिलीये. म्हणजे समजा एखादी बाटली बंदरावर ५०० रुपयाला पोचली तर त्यावर ७५० ड्यूटी, झाले १२५०, आणि अजून राज्याचा कर, इंपोर्टर, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार हे सगळे आपापलं घ्यायचेत. दुकानात ती दोन-अडीच हजाराला दिसणार, पण आत माल ५०० चाच. उलट महाराष्ट्रात २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं तेव्हापासून इथल्या वाईनला करात बरीच सूट मिळत आलीये, त्यामुळे नाशिकच्या किंवा अकलूजच्या बाटलीला तुम्ही जे हजार रुपये देता त्यातले बरेचसे खरंच वाईनचे असतात. म्हणून माझा साधा नियम, दोन हजाराच्या खाली असाल तर महाराष्ट्राचीच वाईन घ्या. देशप्रेम वगैरे काही नाही यात, निव्वळ हिशोब आहे. एक अपवाद ऑस्ट्रेलियाचा, त्यांच्याशी करार झाला तो २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे आणि त्यात ५ अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीची ड्यूटी १५० वरून १०० वर आली आणि पुढे दहा वर्षांत ५० पर्यंत उतरणारे, त्यामुळे ऑस्ट्रेलियन शिराझ (रेड वाईनचं एक द्राक्ष) हळूहळू परवडायला लागेल.

आता बजेटप्रमाणे. किमती दरवर्षी सरकतात आणि प्रत्येक राज्यात वेगळ्या असतात, मी महाराष्ट्रातला अंदाज धरून बोलतेय.

पाचशे-सहाशेच्या आत मला विचाराल तर फार अपेक्षा ठेवू नका. इथे बहुतेक पोर्ट वाईन नावाचा गोड प्रकार असतो, जो आपल्याकडे सगळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा प्यायलेला असतो, कुणाच्या तरी आत्याने "औषधासारखी घ्यायची" म्हणून दिलेला. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टशी त्याचा नावापुरताच संबंध. गोड आवडत असेल तर बिनधास्त घ्या, गोव्यात तर घराघरात चालते, थंड करून बर्फ टाकून छान लागते, पण ती पिऊन "मला वाईन आवडत नाही" असं ठरवू नका एवढंच. या बजेटमध्ये ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रेड शोधत बसण्यापेक्षा चांगल्या वाईनची ३७५ मिलीची हाफ बॉटल घ्यावी हे माझं मत. मिलीच्या हिशोबाने ती थोडी महाग पडते, पण आवडली नाही तर नुकसान निम्मंच, आणि दोघांना अडीच-अडीच ग्लासाऐवजी सव्वा-सव्वा ग्लास येतो जो मंगळवारच्या जेवणाला पुरे.

हजाराच्या आसपास, म्हणजे साधारण आठशे ते बाराशे, ही खरी गंमतीची जागा आहे. इथेच सगळ्यात जास्त वसूल होतं आणि इथेच लोक चुका करतात, कारण रेड म्हणजे भारी असं आपल्या डोक्यात बसलंय. चांगली रेड करायची तर ती बहुतेकदा लाकडाच्या पिंपात काही महिने ठेवावी लागते, पिंप महाग, जागा महाग, वेळ महाग. व्हाईटला बहुतेक वेळा हे काही लागत नाही, स्टीलच्या टाकीत थंड आंबवली, बाटलीत भरली, काही महिन्यांत दुकानात. त्यामुळे सारख्याच पैशात व्हाईट जवळजवळ नेहमीच वरच्या दर्जाची मिळते. सुला या नाशिकच्या वायनरीची शेनिन ब्लाँ घ्या, किंचित गोडसर आहे, पहिल्यांदा पिणाऱ्याला पण चालते. थोडं आंबट, हिरवट, कैरी-पेरूसारखं आवडत असेल तर सॉव्हिन्यो ब्लाँ. या दोन द्राक्षांवरच २००० साली सुलाने सुरुवात केली होती आणि नाशिकच्या हवेला ती मानवतात हे तेव्हापासून दिसतंय. रेडच हवी तर फ्रातेल्लीची सांजोव्हेजे बघा, हे लोक अकलूजचे, सोलापूर जिल्ह्यातले, इटालियन भाऊ, मोहिते-पाटील भाऊ आणि सेखरी भाऊ असे तीन घरचे भाऊ एकत्र आले म्हणून नाव फ्रातेल्ली, इटालियनमध्ये भाऊ. सांजोव्हेजे हे इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष, हलकं, आंबटसर, टोमॅटो घातलेल्या कशाबरोबरही जातं, मग तो पास्ता असो नाहीतर आपली टोमॅटोची भाजी.

पंधराशेच्या आसपास रेड घ्यायला अर्थ येतो. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही माझी घरची बाटली म्हणा, मटणाचा रस्सा असेल तेव्हा हीच. ग्रोव्हर झाम्पाची ला रेझर्व पण याच गल्लीतली, ती बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची (माझ्या महाराष्ट्राच्या नियमाला हा अपवाद), कॅबर्ने आणि शिराझचं मिश्रण. इथे एक सावधान करते, "रिझर्व्ह" या शब्दाला भारतात कायद्याने काही अर्थ नाही, कुणीही लेबलवर छापू शकतं, त्यामुळे त्या एका शब्दाचे जास्तीचे दोनशे रुपये देऊ नका, वायनरी बघा. स्पेनचं वेगळं आहे, तिथे रेडवर रिझर्व्हा लिहायचं तर तीन वर्षं ठेवावीच लागते, त्यातलं किमान एक वर्ष पिंपात.

दोन हजाराच्या अलीकडे-पलीकडे स्पार्कलिंगचा, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनचा, विचार करा, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. खरी शॅम्पेन इथे इतकी महाग पडते की विषयच सोडा, पण शाँदोंची दिंडोरीतली वायनरी त्याच पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, ब्रूट (गोड नसलेली) आणि रोझे (गुलाबी) बनवते, आणि मालकही तेच, फ्रान्सचे शॅम्पेनवाले. २०१३ ला बाजारात आली. शॅम्पेनच्या एका बाटलीत याच्या तीन-चार सहज येतात. यॉर्क आणि सुलाच्या स्पार्कलिंग पण वाईट नाहीत, यॉर्क आता सुलाकडेच आहे. आणि स्पार्कलिंग फक्त वाढदिवसाला उडवायची नसते हो, बोंबील फ्राय, कांदाभजी, बटाटावडा, जे काही तळलेलं आणि खारट आहे त्याबरोबर ती जितकी चांगली लागते तितकी दुसरी कुठलीच लागत नाही, आंबटपणा आणि बुडबुडे तेल कापून काढतात.

रेडमध्ये या बजेटला सुलाची रासा, फ्रातेल्लीची सेट्टे. कुणाला भेट द्यायची असेल, सासऱ्यांची साठी वगैरे, तर या. स्वतःला रोजच्याला घ्यायला मला जीवावर येतं. हजार ते पंधराशेमध्ये जो फरक कळतो तो पंधराशे ते अडीच हजारमध्ये तेवढा कळत नाही, निदान माझ्या जिभेला नाही.

छोट्या वायनऱ्यांचं बोलायचं राहिलं. इगतपुरी तालुक्यात कावनईजवळ व्हॅलोने आहे, निफाडकडे रेव्हेलो आहे जे इटालियन द्राक्षं लावतात. यांचा माल कमी, प्रत्येक दुकानात मिळत नाही, पण दिसली तर सोडू नका, व्हॅलोनेची व्हियोनिये ही व्हाईट मी आधी तिथेच जाऊन प्यायले आणि मग पुण्यात दुकानं पालथी घातली. नाशिकला जाणं होतच असेल, त्र्यंबकला, सप्तशृंगीला, लग्नाला, तर एक दुपार काढून एखाद्या वायनरीत टेस्टिंग करा. अर्ध्या बाटलीच्या पैशात पाच-सहा प्रकार चाखता येतात, आपल्याला नक्की काय आवडतं हे कळतं, आणि पुढची सगळी खरेदी स्वस्त होते कारण चुकीच्या बाटल्या घेणं थांबतं. (गाडी चालवणारा वेगळा ठेवा.)

आता बाटली हातात घेतली की काय बघायचं. हे महत्त्वाचंय कारण आपल्याकडे वाईन वाईट नसते, ती दुकानात वाईट होते. मे महिन्यात ४० डिग्रीत, ट्यूबलाईटखाली, उभी ठेवलेली बाटली दोन वर्षांनी काय चव देणार. मी एकदा पुण्यातल्या एका दुकानातून सॉव्हिन्यो ब्लाँ डिस्काउंटमध्ये घेतली, फारच खूश होते, घरी उघडली तर रंग चहासारखा आणि वास जुन्या सफरचंदाचा. तीन वर्षं जुनी होती. तेव्हापासून लेबलवरचं साल, म्हणजे द्राक्ष काढल्याचं वर्ष, बघितल्याशिवाय घेत नाही. व्हाईट आणि रोझे एक-दोन वर्षाच्या आतलीच, साधी रेड तीन-चार वर्षांपर्यंत ठीक. "जितकी जुनी तितकी भारी" हे मोजक्या महागड्या वाईनबद्दल आहे, आणि त्या पण नीट थंड जागी ठेवलेल्या. समोर साल नसेल तर मागच्या लेबलवर बॅच, तारीख बघा. आणि एक गंमत, आपल्याकडे ऑक्टोबरला गोडी (फळ धरायची) छाटणी होते आणि द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे एकाच सालाची आपली बाटली तिकडच्यापेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते, व्हाईट घेताना हे धरून चालायचं.

बूच वर आलेलं असेल, कॅपखाली चिकट ओघळ असेल, तर उन्हात तापलेली आहे, परत ठेवा. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात वाईन बाहेरून आणून इथे फक्त बाटलीत भरली असं लिहिलेलं असतं कधीकधी, तेही वाचा, नाव इथलं वाटतं पण माल टँकरने आलेला असतो. आणि स्क्रू कॅप म्हणजे हलकी वाईन हा गैरसमज काढून टाका, आपल्या हवेत तीच बरी, बुचाचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागायची भीती नाही आणि ओपनर शोधत घरभर फिरायला लागत नाही. जमलं तर ज्या दुकानात वाईनसाठी वेगळा फ्रीज किंवा एसी आहे आणि गिऱ्हाईक भरपूर आहे तिथूनच घ्या, चार पावलं जास्त चालायला लागली तरी.

२०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला होता, मग एवढा गदारोळ झाला की तो तिथेच राहिला, नाहीतर शांतपणे लेबलं वाचत बसता आलं असतं. असो.

परदेशात राहणाऱ्यांना आणि तिकडून येणाऱ्यांना, एका माणसाला दोन लिटर ड्यूटी फ्री आणता येते, म्हणजे ७५० च्या दोनच बाटल्या, तिसरीने सव्वादोन होतात. तर त्या दोन नीट निवडा. इथे मिळते तीच ऑस्ट्रेलियन उचलून आणण्यापेक्षा तिकडच्या सुपरमार्केटमधून स्पेनची रेड रिओहा क्रिआन्झा, पोर्तुगालच्या दौरोची रेड, साऊथ आफ्रिकेची शेनिन, किंवा शॅम्पेनऐवजी क्रेमाँ (त्याच पद्धतीची, पण शॅम्पेन प्रांताबाहेरची स्पार्कलिंग) आणा. नाव कमी गाजलेलं म्हणून किंमत कमी, बाकी दर्जाला कुठेच कमी नाही. सामानात टाकताना जाड टॉवेलमध्ये गुंडाळून मधोमध, माझ्या नणंदेच्या साड्या एकदा जांभळ्या झाल्यात.

घरी आणल्यावर पण पैसे वाया घालवता येतात बरं का. रेड रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात ते १६-१८ डिग्रीच्या खोलीबद्दल, आपल्या ३२ डिग्रीच्या हॉलबद्दल नाही, तेव्हा पिण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये टाका, साधी रेड पण एकदम सुधारते. व्हाईट दोन-तीन तास. तिखटाबरोबर कडक रेड नको, तिखट जास्तच झोंबतं आणि वाईन कडू लागते, कोळंबीच्या कालवणाला ती गोडसर शेनिनच बरी. मिसळीबरोबर मात्र ताकच.

आणि उरली तर झाकण लावून फ्रीजमध्ये, रेड असली तरी. तीन दिवस आरामात राहते, स्पार्कलिंग मात्र दुसऱ्या दिवशी संपवा. मी काय करते, बाटली उघडल्या उघडल्याच निम्मी रिकाम्या ३७५ च्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवते, आत हवा राहत नाही त्यामुळे पाच दिवस पण टिकते. म्हणून ती छोटी बाटली भंगारवाल्याला देऊ नका, स्क्रू कॅपवाली असेल तर अजिबातच नको.